तिसरं पान

हुरड्याचे दिवस आले की लोकांना भूक लागते, मला लाज वाटते.

हे कुणाला सांगायची सोय नाही. शाळेतल्या बायका रविवारी शेतावर जायचे बेत करतात. कुणाच्या दिराचं शेत पातूरच्या रस्त्याला, कुणाच्या भावाचं मूर्तिजापूरकडे. गोवऱ्यांची आगटी पेटते, ज्वारीची कोवळी कणसं राखेत भाजतात आणि कुणीतरी तळहातावर कणीस चोळून गरम हिरवे दाणे माझ्यापुढे करतं. मी खाते. चांगले लागतात. लसणाची चटणी, दही, वर गुळाचा खडा. दुसऱ्या-तिसऱ्या मुठीला तो धूर नाकात शिरला, की मी अकोल्यात उरत नाही. मी तेरा वर्षांची होते, वर्धा नदीच्या काठावर उभी राहते, आणि माझ्या हातात विड्याचं एक पान असतं. ते पान माझं नव्हतं, एवढीच गोष्ट आहे. दहा-अकरा वर्षं झाली तरी ती संपत नाही.

त्या साली नाताळच्या सुटीत आप्पांना मोर्शीच्या पुढचा, नदीकाठचा सरकारी बंगला चार दिवसांसाठी मिळाला. आप्पा म्हणजे माझे वडील. अमरावतीच्या बांधकाम कचेरीत ते ओव्हरसियर होते. एरवी घरात ते आईसारखंच वऱ्हाडी बोलत, पण बंगला मिळाल्याचं सांगताना एकदम पुस्तकातलं बोलू लागले. ‘‘नदीकिनारी विश्रांती, नौकाविहार आणि आसपासची प्रेक्षणीय स्थळं,’’ ते म्हणाले. आई कणीक मळत होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘‘पानी भराले कोन हाय तिथं, ते सांगा आधी.’’

नौकाविहार हा शब्द मी दुसऱ्या दिवशी शाळेत नेला, नव्या बांगड्या दाखवायला नेतात तसा. दाखवायचा होता तो मुख्यतः कमलला. कमल माझ्या बाकावर बसायची. तिचे वडील आप्पांच्याच कचेरीत नकाशे उतरवून काढायचं काम करत, आणि त्यांचा हात तिच्याकडे आला होता. भूगोलाच्या वहीत तिच्यासारख्या नद्या वर्गात कुणाच्या नव्हत्या. उगमापाशी केसाएवढी बारीक, मग हळूहळू जाड होत जाणारी निळी रेघ. आणि त्या रेघेवर ती कुठेतरी तांदळाच्या दाण्याएवढा एक डोंगा काढून ठेवायची. बाई त्यावर लाल फुली मारत. पुढच्या नकाशात डोंगा पुन्हा असायचाच.

आमच्याकडे लाकडाच्या त्या लांबट, उथळ होडीला डोंगा म्हणतात. कमलने तो कधी पाहिलेला नव्हता, मीही नाही. अमरावतीला नदी म्हणायची तर अंबानाला, त्यात उन्हाळ्यात म्हशी बसत. कमलने मला विचारलं, ‘‘डोंग्यात बसलं का काठ हालते का व, का आपून हालतो?’’ मी म्हटलं, ‘‘आपणच हलू, काठ कसा हलेल?’’ ती म्हणाली, ‘‘तसं नाई. तसं वाटते का?’’ मग मी म्हटलं, ‘‘तू चल आमच्यासोबत.’’ बोलून गेले आणि मग घरी काय म्हणतील म्हणून घाबरले.

घाबरण्याचं कारण सांगायला हवं. आदल्या वर्षीच्या दसऱ्याला कमलच्या घरची सगळी माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. आल्यावर तिच्या वडिलांनी देव्हाऱ्यातले पितळी टाक एका फडक्यात बांधले आणि नेऊन वाहत्या पाण्यात सोडले. कमल त्यांच्याबरोबर गेली होती. मधल्या सुटीत शाळेच्या चिंचेखाली हे तिने मला हळू आवाजात सांगितलं. पुरचुंडी बुडताना बुडबुडे आले, मग पाणी होतं तसं झालं. बाबा म्हणाले, आता कोनापुढं वाकाचं नाई, पानफूल वाहाचं नाई, झाडापुढं नाई, दगडापुढं नाई, पान्यापुढं नाई. आजी रडली, पण तिनेही हो म्हटलं. हे सांगताना कमलचा चेहरा परीक्षेत पहिला नंबर आलेल्या मुलीसारखा होता. तिने ते फक्त मला सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

आप्पा स्वतःला सुधारक समजत. ते लगेच म्हणाले, ‘‘येऊ दे की पोरीले.’’ दुसऱ्या दिवशी आई बाजारातून एक नवा स्टीलचा पेला घेऊन आली, त्याच्यावर वेलबुट्टी कोरलेली. ‘‘कमलसाठी आणला,’’ ती म्हणाली, ‘‘पाव्हणी हाय नं ते.’’ तेव्हा आमच्याकडे बाकी सगळी पितळेची भांडी होती. तो पेला घरात सगळ्यात देखणा होता आणि तो कशासाठी होता ते घरातल्या प्रत्येकाला कळलं होतं. मी आईला म्हटलं, ‘‘किती छान आहे.’’

जीपमधून जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्यांच्या बागा होत्या. कापसाच्या गाड्या समोरून यायच्या, त्यांच्यातून निसटलेला कापूस बाभळीच्या काट्यांना अडकून राहिलेला. एका ठिकाणी शेतात आगटी पेटलेली दिसली तेव्हा आप्पांनी जीप थांबवली. शेतकऱ्याने आम्हाला बसायला पोतं दिलं आणि हुरडा दिला. कमलने माझ्या तळहातावर दाणे ओतले, मी तिच्या. आई दुसरीकडे पाहत होती. मला आठवतं, त्या वेळी मला माझाच फार अभिमान वाटला होता. कमलच्या हातचं खाते आहे म्हणून मी कुणीतरी मोठी आहे असं मला वाटलं. आज हुरड्याची मूठ तोंडाजवळ नेताना मला आधी तोच अभिमान आठवतो.

बंगला उंचावर होता, कौलारू, पुढे रुंद ओसरी, ओसरीत वेताच्या आरामखुर्च्या. तिथून दगडी पायऱ्या थेट घाटावर उतरत. पौषातली नदी फार बोलत नाही. पाणी हिरवं, खाली गोटे दिसावेत एवढं स्वच्छ, पलीकडे वाळूचा पट्टा आणि मधोमध एक खडकाळ बेट. बेटावर महादेवाची घुमटी होती आणि तिच्याभोवती तांबूस रंगाची बदकं येऊन बसत. सकाळी पाण्यावरून वाफ उठायची. कमल पहिल्या दिवशी पायऱ्यांवरून उतरली, पाण्याजवळ बसली आणि ओंजळीने पाणी प्यायली. मग ती चारही दिवस तशीच प्यायली. आईने तो पेला भरून ओसरीत ठेवला होता. त्यावर धूळ बसू नये म्हणून आई रोज ते पाणी बदलायची.

बंगल्याचा चौकीदार होता, त्याची बायको होती, आणि घाटावर लक्ष्मण भोई होता. पन्नाशीचा, काळा, मनगटं वासराच्या पायांसारखी. त्याच्या बापाचाही डोंगा त्याच घाटावर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा आम्हाला खाली घेऊन गेले तेव्हा त्याने डोंगा धुऊन, बसायला घोंगडी अंथरून ठेवली होती. कमल माझ्या पुढे दोन पायऱ्या होती. तिने वेणीला नवी फीत बांधली होती आणि चपला हातात घेतल्या होत्या.

लक्ष्मणने हात आडवा केला. ‘‘नवे कोन कोन हायेत?’’

त्या घाटाची एक रीत होती. पहिल्यांदाच डोंग्यात बसणाऱ्याने विड्याचं पान घ्यायचं, त्यावर कुंकू आणि ज्वारीचे चार दाणे ठेवायचे, पान पाण्यावर सोडायचं, हात जोडायचे आणि आपलं नाव नदीला सांगायचं. मोठ्याने, स्वतःच्या तोंडाने. लक्ष्मण पानं मोजायचा. तो म्हणाला, ‘‘नदी मोजून घेते अन् मोजून देते. नाव नाई सांगतलं तं तिले कसं समजीन, कोनाले वापस कराचं?’’ आप्पा पूर्वी पाहणीला आले होते, तेव्हा त्यांचं पान होऊन गेलेलं. नव्या आम्ही तिघी.

आईने पदर डोक्यावर घेतला, पान सोडलं, हात जोडले आणि नाव सांगताना चक्क लाजली. मी माझं पान सोडलं. ‘‘सुमन,’’ मी ओरडलेच. पान गिरकी घेऊन निघालं. लक्ष्मणने तिसरं पान कमलपुढे धरलं.

‘‘मी नाई सोडत,’’ कमल म्हणाली.

‘‘काहून व माय?’’

‘‘आमी नाई करत आता असं.’’

लक्ष्मणला राग आला नाही. त्याला कळेना, एवढंच. तो पान धरून उभा राहिला. आप्पा हसले आणि म्हणाले, ‘‘अवं लेकरा, नुसतं पान तं हाय. झाडाचं पान.’’ आप्पांना आपण फार उदार बोललो असं वाटलं असावं. आई म्हणाली, ‘‘राहू द्या तिले काठावरच, आपुन लवकर येऊन जाऊ.’’ कमल कुणाकडेच पाहत नव्हती. ती डोंग्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत तो किती भरला होता ते मला दिसत होतं, आणि तरी ती जागची हलत नव्हती.

मला त्या वेळी काय वाटलं ते खरं लिहायचं तर मला कंटाळा आला होता. ऊन कलत होतं. लक्ष्मण म्हणाला होता की वारा सुटायच्या आत परतायचं. एवढ्याशा पानासाठी आपला नौकाविहार जातो की काय, या विचाराने मी चिडले. आणि मला वाटलं, ही सोपी गोष्ट आहे, मी करून टाकते. कमलला वाकायला नको, लक्ष्मणचं पान होईल, सगळ्यांचं भागेल. मी लक्ष्मणच्या हातातून पान घेतलं, पाण्यावर सोडलं, हात जोडले आणि म्हणाले, ‘‘कमल.’’

मला शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. खरंच तसं वाटलं होतं.

कमलने माझ्याकडे पाहिलं. ‘‘माहं नाव तू काहून सांगतलं?’’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. मी म्हटलं, ‘‘तुझ्यासाठीच केलं ना, आता चल.’’ ती म्हणाली, ‘‘मले इचारलं नाई तू.’’ मग ती चार पायऱ्या वर गेली आणि बसली. चपला शेजारी नीट जुळवून ठेवल्या. आप्पांनी दोनदा हाक मारली. तिने मान हलवली.

मी तिथे थांबायला हवं होतं. डोंग्यात न बसणं एवढंच करायचं होतं, त्यासाठी तेराव्या वर्षीही काही मोठी अक्कल लागत नाही. मी बसले. लक्ष्मणने दोर सोडायला हात घातला आणि अडखळला. ‘‘सायेब, पानं तीन, नवे माणसं दोन. हे बरं नाई.’’ आप्पा साहेब होते. ते म्हणाले, ‘‘चल रे, काही होत नाही.’’ लक्ष्मणने दोर सोडला.

आणि मला मजा आली. हे वाक्य मी बरीच वर्षं टाळत आले आहे. पाणी डोंग्याच्या बुडाशी चुळुक चुळुक आवाज करत होतं, आई दोन्ही हातांनी कड धरून डोळे मिटून बसली होती, त्या तांबूस बदकांचा थवा उडाला आणि त्यांचे पांढरे पंख उन्हात दिसले. मी पाण्यात हात घातला. गार, जड पाणी बोटांतून मागे जात होतं. आणि काठ हलत होता. खरंच हलत होता. पायऱ्या, बंगला, बंगल्यावरचं कडुनिंबाचं झाड, सगळं हळूच मागे सरत होतं आणि मधोमध कमल निळ्या परकरात बसलेली. मी तिला हात हलवून दाखवला. तिने हात हलवला नाही. मला वाटलं, तिला दिसलं नसेल.

परतल्यावर लक्ष्मणने आईला हात देऊन उतरवलं. मी उतरताना तो माझ्याजवळ वाकला. ‘‘पोरी,’’ तो म्हणाला, ‘‘ज्याचं नाव त्यानंच सांगा लागते. तू दुसऱ्याचं देऊन देल्लं, अन् ते माणूस काठावर ठुलं. आता नदी वाट पाह्यत राहीन.’’ मी मान खाली घातली, पण मनात म्हटलं, अडाणी आहे. कमलच्या बाजूने मी चुकलेच होते. त्या भोयाच्या बाजूनेही चुकले होते. त्याची नदी खरी होती आणि कमलचं वचन खरं होतं, मधल्या मध्ये खोटी फक्त मी होते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तिसऱ्या दिवशी आम्ही सालबर्डीला गेलो. तिथे डोंगरातून नदी येते, महादेवाची गुहा आहे आणि गरम पाण्याचं कुंड आहे. कमल म्हणाली, डोकं दुखते, मी नाही येत. आईने तिला चौकीदाराच्या बायकोजवळ ठेवलं. मी कुंडात पाय सोडून बसले, गुहेत वाकून गेले, वडाच्या पारंब्यांना लोंबकळले, आणि दर थोड्या वेळाने मला वाटत होतं की कमलसाठी काहीतरी न्यावं. शेवटी आप्पांच्या पाण्याच्या बाटलीत मी कुंडातलं गरम पाणी भरून घेतलं. तिला हात लावून पाहू दे म्हणून. बंगल्यावर येईपर्यंत ते साध्या पाण्यासारखं झालं होतं. मी ते गुपचूप कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं.

कमल ओसरीच्या पायरीवर केस सोडून बसली होती. परकराची किनार ओली होती. मी तिचा हात धरला तर तिने ओढून घेतला. तळव्यांवर फोड होते. ‘‘काय झालं?’’ मी विचारलं. ‘‘काई नाई. चौकीदारीनबाईचं जातं ओढलं,’’ ती म्हणाली. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली, भाकरी मागून घेतली, आईने केलेली वांग्याची भाजी चांगली झाली असंही म्हणाली. मधेच काही आठवल्यासारखी स्वतःशीच हसली. मला किती हलकं वाटलं. मला वाटलं, ती विसरली. मी इतकी सुटले की तिला उरलेली सगळी संत्री सोलून दिली.

आम्ही भांडलो नाही. अमरावतीला परतल्यावर ती आठवडाभर माझ्याच बाकावर बसली, मग बाईंना सांगून पुढच्या बाकावर गेली, फळा दिसत नाही म्हणून. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पुढच्या वर्षी तिच्या वडिलांची बदली झाली. जाताना तिने भूगोलाची वही मला दिली नाही. मी मागितली असती तर कदाचित दिली असती. तो नवा पेला आमच्या घरी अजून आहे. त्याला कुणाचं तोंड लागलं नाही म्हणून आई त्यात देवाची फुलं ठेवते. सुटीत घरी गेले की सकाळी मी ती फुलं पाहते.

एकदाच ती मला दिसली, बडनेऱ्याला, स्टेशनवर. मी कॉलेजात होते. ती समोरच्या फलाटावर उभी होती, उंच झालेली, पांढरी साडी, हातात जाड पुस्तकं, शेजारी दोन मैत्रिणी. नागपुरात नर्सिंग शिकते असं मी कुणाकडून तरी ऐकलं होतं. मधे फक्त रूळ होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी खाली वाकले आणि वळकटीचा पट्टा सोडून पुन्हा आवळू लागले. तो सैल नव्हता. गाडी मधे आली तेव्हा उठले. तिने मला पाहिलं का, हे मला ठाऊक नाही. पाहिलं असेल तर मला वाकताना पाहिलं असेल.

आता मी अकोल्यात मुलींच्या शाळेत शिकवते, आणि या हिवाळ्यात शाळेची सहल त्याच बंगल्यावर ठरली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुम्ही तिकडच्या आहात, तुम्हीच घेऊन जा. नाही म्हणायला कारण सापडेना. बसमध्ये मुली मूर्तिजापूरपासून गाणी म्हणत होत्या आणि मी मनाशी भाषण जुळवत होते. माझ्या वर्गात बौद्धांच्या चार मुली आहेत. घाटावर मी पुढे होईन, स्पष्ट सांगेन, ज्यांना पान सोडायचं नसेल त्यांनी सोडू नये, कुणी कुणावर सक्ती करू नये. मूर्तिजापूर ते मोर्शी मी ते भाषण इतकं घासलं की चकचकीत झालं. त्यात मी फार चांगली दिसत होते.

घाट तसाच होता, एक पायरी खचलेली. लक्ष्मण भोई म्हातारा झाला आहे, एका डोळ्यात फूल पडलं आहे. त्याने मला ओळखलं नाही. मुली सात-सात जणी बसणार होत्या. पानांची थाळी त्याच्या पुढ्यात होती. पहिल्या मुलींनी पानं सोडली, नावं ओरडली, हसल्या. मग माझ्या वर्गातली रत्नमाला पुढे आली आणि थाळीपाशी थबकली. मी घसा साफ केला. पण लक्ष्मण माझ्या आधी बोलला.

‘‘पान नाई सोडत का तू?’’

‘‘नाई.’’

‘‘बरं. मंग मले सांग.’’

‘‘काय सांगू?’’

‘‘वापस येतो म्हून सांग. मी मोजतो तुले.’’

रत्नमाला माझ्याकडे पाहू लागली. मग त्याच्याकडे पाहून म्हणाली, ‘‘मी रत्नमाला. वापस येतो.’’ लक्ष्मणने डाव्या हाताचं एक बोट मिटलं आणि तिला हात देऊन डोंग्यात बसवलं. तिच्यामागच्या दोघींनीही तसंच केलं. पानं चार आणि बोटं तीन. माझं भाषण तोंडातच राहिलं.

तिसऱ्या खेपेआधी तो बिडी ओढायला बसला, तेव्हा मी विचारलं, ‘‘बाबा, हे बोटं मिटायचं कधीपासून?’’

‘‘झाले असतीन धा-अकरा वर्स,’’ तो म्हणाला. ‘‘एक सायेब आला होता अमरावतीचा. त्याच्या पोरीसंगं तिची मैत्रीन होती, बौद्धाची. पान नाई म्हणे. तं त्या सायबाच्या पोरीनं तिचं नाव परस्परच देऊन देल्लं, अन् सोता बसली डोंग्यात. हे पोरगी बसली पायरीवर. मले लय वाईट लागलं. आपल्या घाटावरून माणूस असं वापस गेलं नोतं कधी.’’

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. तो धूर सोडून पुढे बोलू लागला.

‘‘दुसऱ्या दिवशी ते लोक गेले सालबर्डीले. हे एकटीच आली खाली. म्हणे, काका, माहं नाव नदीत हाय का अजून? म्या म्हणलं, हाय. म्हणे, म्या नाई देल्लं. म्या म्हणलं, मले मालूम हाय माय. मंग म्या तिलेच इचारलं, तू पान नाई सोडत तं मी कसं करू, तूच सांग. तुले मोजू कसा? थोडी इचारात पडली. मंग म्हणे, मी तुमाले सांगतो नं, वापस येतो म्हून. नदीले काहून सांगू, वल्हं तं तुमच्या हातात हाय.’’ लक्ष्मण हसला. ‘‘म्हणलं, बरोबर हाय हिचं.’’

‘‘मग बसवलंत तिला?’’

‘‘तं! बेटापावतर नेलं. येतावक्ती तिनं वल्हंच मांगतलं. हातभर फोड आले तिले, पन सोडे ना. अन् सारखी मांगं पाहे अन् हासे. म्हणे, काका, काठ हालते.’’

मला तिथे बसून राहायला काहीतरी हवं होतं, म्हणून मी पायरीवरचा एक खडा उचलला. इतकी वर्षं मी मानत आले होते की माझ्यामुळे कमलचा डोंगा हुकला. त्या लाजेवर मी एक प्रकारे जगले, तिला कुरवाळलं, तिच्यामुळे स्वतःला थोडी बरी माणूस समजले. आणि कमलचं काहीच हुकलं नव्हतं. एका अडाणी म्हटलेल्या माणसाने तिला विचारलं होतं, तिने उत्तर दिलं होतं, आणि घाटाची पिढ्यांची रीत त्या उत्तरापुरती सरकून बसली होती. हुकलं होतं माझं. त्या संध्याकाळी ती ओसरीत माझ्या शेजारी बसली होती, तिच्या तळव्यांवर फोड होते, तिला कळलं होतं की काठ हलतो, आणि तो प्रश्न तिने आधी मला विचारलेला होता. तरी उत्तर सांगावं असं तिला वाटलं नाही. ती स्वतःशीच हसली आणि मी संत्री सोलत बसले.

‘‘त्या दुसऱ्या पोरीचं काय झालं?’’ मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

‘‘कोन्त्या?’’

‘‘जिनं नाव दिलं.’’

‘‘ते कोनाले मालूम,’’ लक्ष्मण म्हणाला आणि बिडी विझवली. ‘‘चला, आता तुमी बसा उरलेल्या पोरीयसंगं. पयल्यांदाच आल्या नं बाई तुमी?’’

माझ्या मागे सात मुली उभ्या होत्या. रत्नमाला पहिली खेप करून आली होती आणि ओल्या परकराने पायरीवर बसून माझ्याकडे पाहत होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ‘ती पोरगी मीच’, एवढं. लक्ष्मण मला पाण्यात ढकलणार नव्हता. फार तर मान हलवून हसला असता, कदाचित कमलबद्दल आणखी काही सांगितलं असतं. मुलींना त्यातून शिकायलाही मिळालं असतं. आम्ही शिकवणाऱ्या बायका असं नेहमी म्हणतो.

‘‘हो, पहिल्यांदाच,’’ मी म्हणाले.

त्याने थाळी पुढे केली. मी पान घेतलं, कुंकू घेतलं, ज्वारीचे चार दाणे मोजून ठेवले. पाणी पूर्वीसारखंच गार होतं. हात जोडून मी माझं नाव सांगितलं, मुलींना ऐकू जाईल असं. पान गिरकी घेऊन निघालं. डोंग्यात मी मधल्या फळीवर बसले आणि संपूर्ण वेळ पायापाशी पाहत राहिले. काठ हलला असेल. मी पाहिला नाही.

उतरल्यावर लक्ष्मणने मोजणी केली. ओठ हलवत, बोटं उघडत, एकेकीकडे तो एकच चांगला डोळा लावून. मोजून झाल्यावर त्याने समाधानाने मान हलवली. ‘‘बराबर हाय,’’ तो म्हणाला, ‘‘जितके देल्ले तितके वापस आले.’’

मी मुलींना रांगेत उभं केलं आणि वर चढू लागले. नदीत एक पान पुन्हा जास्तीचं गेलं होतं.